खिसे झाडण्याची जागा

नाव सोडायच्या आधी
मी एवढंच म्हणतो :
इथं खिसे झाडा.

लोक हसतात.
वाळू पडते, बसचं तिकीट, गोळ्यांचे कागद,
आणि एखाद्याच्या तळहातातून
चण्याएवढी पांढरी गार,
उन्हात चमकते आणि मालकाला लाजवते.
मी ती टोपल्यात टाकतो.
नाव विचारत नाही.

आम्ही बेटाचे नव्हतो, माळाचे होतो.
धरण भरलं त्या साली
गंगेनं खालची आळी, मारुती, चिंचेचा पार
एका भादव्यात नेला
अन् वरचा टेंभा तेवढा ठेवला.
सत्तावीस घरं, एक हापसा.
ज्यानं उभ्या जन्मात वल्हं पाहिलं नव्हतं
तो माझा बाप पन्नाशीत नावाडी झाला.

टेंभ्याच्या उत्तरकड्याला
काळ्या दगडावर काळा दगड,
मधे हातभर लाल पट्टा.
आम्हाला तो गेरू.
पोळ्याला शिंगं, दिवाळीला उंबरा.
धुरपता दरसाल पाटी भरायची,
मी पहार लावून द्यायचो.
वरच्या कपारीतल्या गारा मात्र इकायच्या :
मूठ चाळीस, झुपका दीडशे.
या नावेचं इंजिन
कड्याच्या पोटातूनच आलंय.

मग नांदेडहून शाहीन आली, शिकणारी पोर,
गळ्यात भिंग, पिशवीत हातोडी.
हातोडी तिनं काढलीच नाही.
पट्ट्यावर बोट ठेवून म्हणाली, काका,
खालचा रस निवला, वरचा यायला अवकाश होता.
मधे पाऊस पडला, दगडाची माती झाली,
गवतसुद्धा उगवलं असेल.
मग पुन्हा आग आली, माती भाजून निघाली.
तुमचा गेरू म्हणजे
दोन आगींमधली उसंत.

मी म्हणालो, च्या घेता का.
रात्री मात्र झोप लागेना.
पंचवीस पोळे, पंचवीस पाट्या.
कोणाची उसंत
आम्ही बैलांच्या शिंगांना फासत होतो?

त्याच हिवाळ्यात शहरातून बोराळकर साहेब आले
गुंडाळी केलेला नकाशा घेऊन :
काचेचा पूल, पन्नास तंबू,
रात्री कड्यावर निळे दिवे.
पोरांना काम मिळेल म्हणाले,
ते काही खोटं नव्हतं.
शाळेच्या ओट्यावर सगळा गाव गप्प.
मग केरबाची सून उठली, पदर सावरत :
साहेब, एवढी माणसं परसाकडं कुठं जाणार?
आमी हेच पाणी पितो.
साहेबांनी नकाशा उलटा करून पाहिला.
मागंही काही नव्हतं.

ठरलं ते असं :
दिवसाला दोन नावा, चाळीस माणसं.
भाकरी घरोघरची, पाळीपाळीनं.
कड्याला हात लावा, नख लावू नका.
गेरूला आम्हीही हात लावायचा नाही,
पोळ्याला दुकानातला रंग.
सहा घरं अजून फुगलेली आहेत.
केरबाचा धाकटा वाळूजला कंपनीत गेलाच,
सणाला येतो तेव्हा
बापाशी नाही, कड्याशी भांडतो.

आता खरं सांगतो.
धुरपता गेली तेव्हा फळीवर
हळदीच्या डब्यामागं एक गार सापडली,
मुठीएवढी, हिरवट, दव गोठल्यासारखी.
तिनं ती विकली नव्हती.
मलाही सांगितलं नव्हतं.

परवा आवसेला, नावा बंद असताना,
ती घेऊन मी कड्यावर चढलो.
एकेक खोबण चाचपली.
कुठं सैल, कुठं कड आडवी येते.
पाऊसवाऱ्यानं तोंडं झिजलेली,
काही माझ्याच पहारीनं.
उन्हं कलेपर्यंत बसून होतो.
कुठंच बसली नाही.

उद्या पहिली नाव आठला.
धक्क्यावर उभा राहून म्हणेन, खिसे झाडा,
आणि माझा उजवा खिसा
वल्ह्याच्या बाजूला वळवून धरेन.