सतरावं प्रकरण

अकरा दिवस झाले,
पमी गोललाइनवर उभी आहे.
गुडघे किंचित वाकलेले, हातमोजे भावाचे,
अंगठ्यापाशी काळ्या दोऱ्यानं शिवलेले.
समोरच्या पेठेच्या पोरीनं चेंडू ठेवलाय,
दोन पावलं मागं सरलीय,
आणि मी गेलेय गारगोटीला.

त्याआधी इचलकरंजी.
त्याआधी रंकाळ्यावर, भाच्यानं तेवीस वेळा काढलेलं
तीस सेकंदांचं रील.
"मावशे, पुस्तक वर धर. हस की.
दातांच्या डॉक्टरकडं आल्यागत दिसालीस."
मागून एक म्हैस सावकाश फ्रेममध्ये आली
आणि नेमकं तेवढंच चाललं.
चार हजार लोकांनी म्हैस बघितली.
एकानं विचारलं, कितीला?
पुस्तक की म्हैस, ते त्यानं लिहिलं नव्हतं.

पुण्याहून वैजयंतीबाईंचा मेसेज
रोज सव्वानऊला. आधी फूल, मग प्रश्न:
सतरा कुठवर?
दुपारी त्यांच्याच ऑफिसातून दुसरं कुणी:
मॅडम, शनिवारी दोन शाळा जमतील का?
एका घरात दोन चुली
आणि पीठ मळायला मी एकटी.

उद्यमनगरात दादाच्या लेथवर माझी खोली.
खाली लोखंड सोललं जातं,
वर माझ्या चहावर बारीक वर्तुळं उठतात.
दादाला पाचशे बुशिंग मंगळवारी द्यायची असली
की तो मंगळवारी देतो.
त्याला कुणी सांगत नाही,
बुशिंग छातीशी धरून हस म्हणून.
"तुझं काय अवघड हाय," तो म्हणतो,
"माल तर डोक्यातच हाय. काढायचा नुसता."

घरात सध्या सोळा नारळ, सहा शाली
आणि एक घड्याळ,
ज्यात काट्यांमागं कुठल्याशा संस्थापकांचा फोटो आहे;
साडेबाराला त्यांना मिशी येते.
आई वड्या करून थकली.
वीजबिलाच्या खिडकीवर नारळ चालत नाहीत.

तर, गारगोटी. आठवी ब.
माझं भाषण आता मला न विचारता चालतं,
ठरल्या जागी थांबतं, ठरल्या जागी विनोद करतं.
मुलं हसतात, मी घड्याळ बघते.
मग शेवटच्या बाकावरून एक मुलगी उठली.
श्रावस्ती कांबळे, तिनं नाव आधी सांगितलं.
"तुमच्या पहिल्या पुस्तकातली आई
सगळ्यांना वाढती. ती कवा जेवती?"
वर्ग हसला.
"मी दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा त्याच्यासाठीच.
न्हाई जेवत."
सर म्हणाले, बस खाली, मॅडमना गाडी आहे.

सह्यांच्या रांगेत ती नव्हती.
तिनं वाचलेलं पुस्तक शाळेचं होतं,
परत कपाटात गेलेलं.

मुदाळ तिट्ट्याला एसटी बराच वेळ उभी राहिली.
बिद्रीपाशी मळीचा वास आत आला.
मांडीवर सतरावा नारळ.
मी सगळी पुस्तकं मनात उलटून बघितली,
तिन्ही.
एकाही आईच्या तोंडात मी घास दिलेला नव्हता.

रात्री लेथ बंद.
पमी तिथंच, दोन पावलं मागं सरलेली ती पोरगीही तिथंच.
स्टेडियमच्या पायऱ्यांवर पमीची आई,
जिला मी पमीचा डबा सांभाळायला बसवून ठेवलं होतं,
पाच प्रकरणं, उन्हात.
तिनं माझ्याकडं न बघता डबा उघडला.
भाकरी मोडली.
खर्डा तिखट निघाला, नाकातून पाणी आलं,
शेजारणीकडून कांदा मागून घेतला,
बोटं चाटली,
मॅच कुठवर आली ते विचारायलाही विसरली.
दीड पान झालं. मी मध्ये बोलले नाही.

सकाळी सव्वानऊ. फूल. प्रश्न.
मी लिहिलं:
पमीची आई जेवतेय.
दम धरा जरा.