पाणी कुठं मुरतं

मुदतवाढीच्या अर्जाचा अकरावा रकाना:
अपेक्षित निष्पत्ती, शंभर शब्दांत.
ऑर्व्हिल जॅडिन पेन्सिल कानामागं खोचतो,
म्हणतो, तूच लिही.
मला शेणातलं कळतं, निष्पत्तीतलं नाही.

सातशे गाई. त्यांचं शेण
तळ्यात साचतं रात्रंदिवस, वर काळी साय धरून.
आणि विस्कॉन्सिनच्या या टोकाला माती
जेमतेम वीतभर.
खाली चुनखडी, तडकलेल्या बशीसारखी.
इथं ओतलेलं कुठं निघेल,
सांगता येत नाही.

तीन वर्षांपूर्वी मार्चात बर्फ वितळला
आणि व्हर्ना डेलफोसच्या नळाला
चहाच्या रंगाचं पाणी आलं.
तिनं बरणीभर आणून
ऑर्व्हिलच्या पायरीवर ठेवलं.
चिठ्ठी नाही. हाक नाही.
बरणी बीटच्या लोणच्याची, झाकणावर तिच्या अक्षरात साल.
ती अजून त्याच्या खिडकीत आहे.
गाळ तळाशी बसलाय,
वरचं पाणी साळसूद.

मग अनुदान आलं.
निम्म्या रानात थंडीत टिकणारं राय,
शेण जमिनीत पात्यानं खोल सोडायचं;
निम्म्यात नेहमीसारखं, वरून.
बांधाला पाइप, पाइपाखाली माझ्या बाटल्या, निळ्या बुचांच्या.
उणे चौदात बूच फिरवायला
हातमोजा काढावाच लागतो.
किराणा दुकानात रांग
माझ्यामागं जरा सैल उभी राहते.

दोन वर्षांचे आकडे आले:
वरून वाहून जाणारं निम्म्यावर.
खाली मुरणारं मात्र तेवढंच.
खरं तर किंचित जास्त.

मी कागद त्याच्यासमोर ठेवला.
तो बराच वेळ त्या "किंचित"वर बोट ठेवून बसला.
तिसरा हप्ता लांबला होता,
रायचं बी त्यानं पदरमोड करून आणलं होतं.
म्हणाला, हे व्हर्नाला कोण सांगणार?
मग स्वतःच टोपी घेतली. बरणीही.

तिच्या स्वयंपाकघरात
तो उभ्याउभ्याच सगळं बोलला, आकड्यांसकट.
ती काही म्हणाली नाही.
बरणी सिंकमध्ये रिकामी केली, धुतली, पालथी घातली.
मग माझ्याकडं हात पुढं केला, बाटलीसाठी.
नळ सोडला. मिनिटभर वाहू दिला,
भरली, बूच घट्ट केलं
आणि चिठ्ठीवर तारीख घातली,
झाकणावरच्याच अक्षरात.

अकराव्या रकान्यात
मी अजून चारच शब्द लिहिलेत:
आता विहिरीचंही पाणी मोजू.
शहाण्णव उरलेत.
ऑर्व्हिल म्हणतो, राहू दे तसंच.