झाड क्रमांक दोनशे सतरा

मोरचूद एक किलो, चुना एक किलो, पाणी शंभर लिटर.
आधी दोन वेगळ्या पिंपांत, मग तिसऱ्यात एकत्र.
मोळू विळ्याचं पातं बुडवतो, उपसतो,
उजेडाकडे धरून बघतो.
तांबूस चढलं तर म्हणतो, अजून चुना.
हे मला कुणी शिकवलं नाही, असंही म्हणतो.
पुस्तकात हेच लिहिलंय, हे मी त्याला सांगत नाही.

मडगावच्या पतसंस्थेत एकोणीस वर्षं
मी दुसऱ्यांच्या चुकांभोवती लाल गोल काढले.
गावडोंगरीच्या या कुळागराची वही उघडली
तर एकच ओळ: सुपारी विकली, पैसे आले.
खाली मामंजींची सही, झोकदार.

चारशे बारा पोफळी. पावसात दोनदा फवारणी.
मोळू पायांत दोरीचा फास घालून चढायचा,
शेंड्याशी पोचला की झाड झुलवायचा
आणि पुढच्याला कवटाळून मागचं सोडून द्यायचा.
दुपारपर्यंत जमिनीला पाय नाही.
शेवाळलेले बुंधे. आम्ही खालून कौतुक करायचो,
जेवायला हाक मारायचो.

मग एका आषाढात पलीकडच्या कुळागरातून आवाज आला,
झावळ पडल्यासारखा,
म्हणून कुणी लगेच उठलंही नाही.
सोयरू आता बसून सुपारी सोलतो.
त्याची कंबर कुठल्या रकान्यात घालायची
हे पतसंस्थेत शिकवत नाहीत.

काणकोणच्या कृषी कार्यालयात चार खेपा.
कार्ड मामंजींच्या नावावर, मामंजी भिंतीवर.
शेवटी काठी आली: काळी, हलकी,
उघडत गेलं की साठ फूट.
जमिनीवर उभं राहून शेंड्यावर फवारा.
चष्मा घातला मोळूने, हातमोजे घातले,
संध्याकाळी मान चोळत म्हणाला,
"वयर गेल्याबगर कळना, बाय."

काय कळत नाही ते मी विचारलं.
तेव्हा त्याने जे सांगायला घेतलं
त्याला तीन दिवस पुरले नाहीत.
मी पुढे पांढरा रंग नि ब्रश घेऊन, आकडे टाकत,
वही छत्रीखाली; तो मागून, झाडाकडे न बघता:
तेरा माकडांचं.
चौऱ्याहत्तर घड धरतं, टिकवत नाही.
एकशे सहाला पाट पोचतो असं तुम्हाला वाटतं.
एकशे नव्वदच्या शेंड्यात कुजका वास, दोन वर्षं झाली.
मग सांगितलं का नाहीस?
कुणी विचारलं नाही.

रात्री बेरीज केली.
अडतीस झाडं आमच्या जिवावर उभी होती,
खत, चुना, मजुरी खाऊन.
तिथे नवी रोपं, बाकीच्यांवर मिरी; चार वर्षांचा हिशेब
मी दोनदा तपासला, लाल शाई न वापरता.

दोनशे सतरापाशी मोळू गप्प झाला.
"ह्या माडयेर हांव सकयल्यान केन्नाच चडूंक ना."
दोनशे सोळावरून झोका घेऊनच यायचा तो हिच्यावर,
बावीस पावसाळे.
बुंध्याभोवती फिरला. मागच्या बाजूला
गुडघ्याएवढ्या उंचीवर अंगठा टेकवला,
अंगठा आत गेला.
मग सगळी मूठ.

मी रकाना उघडा धरून उभी.
त्याने हात बाहेर काढला, भुसा झटकला,
दोनशे सोळाकडे बघितलं, पुन्हा हिच्याकडे,
आणि मधलं अंतर
पावलांनी मोजत गेला.
चार. पाचवं टाकायला जागा नव्हती.