लाकूड तुम्हीच न्या

बाई म्हणाल्या, अकरा हजार देते,
दोन दिवसांत अंगण मोकळं करा.
लाकूड तुम्हीच न्या,
मला पाचोळासुद्धा नको.

खानापुरात, स्टेशनकडं जाणाऱ्या बोळात
फणस उभा होता, जोत्यात मूळ घालून.
न्हाणीची भिंत तडकलेली,
दर ज्येष्ठात पिकून फुटलेल्या गऱ्यांवर माश्यांचा थवा.
लेक पुण्याला, सून त्याच्याबरोबर.
फणस फोडणार कोण, आणि वाटायचा कुणाला?

मी बुंध्याला कव घातली. हात भेटले नाहीत.
निंगाप्पानं कुऱ्हाडीची पाठ मारली,
कान लावला, वर सरकून पुन्हा मारली.
कुठंच पोकळ वाजला नाही.
त्यानं माझ्याकडं बघितलं
आणि ओठ न हलवता म्हणाला : हेळबेड.
सांगू नको.
घरी तो मराठी, रानात दोन्ही,
पण पैशाची गोष्ट निघाली की निंगाप्पा कानडीत जातो,
माणूस आतल्या खोलीत जातो तसा.

पहिला दिवस फांद्यांचा.
दोराला बांधून एकेक खाली सोडली,
तान्ह्या पोराला पाळण्यात ठेवावं तशी.
एकही कौल फुटलं नाही, हे लिहून ठेवा.
चिकानं बोटं जोडली गेली, करवतीची चेन सारखी अडायची,
खोबरेलाची अख्खी बाटली संपली.

दुसऱ्या दिवशी बुंधा आडवा झाला.
पहिला काप गेला आणि आतून निघाला
हळकुंड मोडल्यावर दिसतो तो रंग.
नेमक्या तेव्हाच बाई चहा घेऊन आल्या.
अय्या, काय पिवळं हो!
मी म्हटलं, चीक असतो तो.
निंगाप्पा कपात बघत राहिला.

साडेसात फुटी तीन ओंडके, पाच फुटी एक.
मिलमध्ये इनासमामानं टेप लावला,
दुसऱ्या ओंडक्यात ब्लेड किंचाळलं.
कपडे वाळत घालायची लोखंडी कडी,
झाडानं वीतभर आत गिळलेली.
कुणी ठोकली होती, कुणाची लुगडी तिच्यावर वाळली,
मामाला त्याचं काय? ब्लेडचे साडेतीनशे कापले.

अनगोळचा सुतार आला, देव्हारे करणारा.
नख मारलं, वास घेतला,
आणि घासाघीस न करता नोटा मोजल्या.
तेव्हाच कळलं, अजून मागायला हवे होते.
जाड फांद्या कुंभाराच्या भट्टीला, टेंपोच्या दोन खेपा.
काटक्या आमच्या चुलीला.
पाला मामाच्या शेळ्यांना,
त्या तेवढ्या उघड उघड खूश होत्या.

डिझेल, चेन, खोबरेल, चहा वजा जाता
दोघांत मिळून बत्तीस हजार राहिले.
असं काम वर्षातून एकदा येतं.
त्या रात्री झोप लागली नाही म्हणालो तर खोटं होईल.
चांगली लागली.

पण एक फळकूट उरलं होतं, दीड वीत रुंद.
त्याचा सुताराकडनं पोळपाट करून घेतला
आणि एका बाजारच्या दिवशी बाईंना नेऊन दिला.
त्यांनी उलटा केला, सुलटा केला,
पदरानं पुसला.
आपल्याच झाडाचा? म्हणाल्या.
मग आत जाऊन शंभराची नोट आणली.
मी म्हटलं, राहू दे.
असं कसं, कष्टाची माणसं तुम्ही,
तुमचं फुकट कसं घ्यायचं?

त्यांच्या मागं न्हाणीची भिंत,
नवं प्लास्टर, अजून ओलं,
त्यावर पहिल्यांदाच पडलेलं थेट ऊन.

मी नोट घेतली.

बोळाच्या तोंडाशी निंगाप्पा गाडीवर बसला होता.
एष्टु? त्यानं विचारलं.
शंभर, मी म्हटलं.
त्यानं किक मारली,
आणि नदीच्या पुलापर्यंत
एक शब्द बोलला नाही,
कुठल्याच भाषेत.