वाहनमालक

स्कूटी विकली त्याला झाली पाच वर्षं.
नाना पेठेतला मुश्ताक म्हणाला होता,
‘नाव बदलून घेतो मॅडम, पुढच्या आठवड्यात.’
तो आठवडा अजून यायचाय.

पहिलं चलान आलं तेव्हा मी पावटे सोलत होते.
शैलजा मोरेश्वर खांबेटे, आपल्या वाहनाने
मनाई असलेल्या ठिकाणी उजवे वळण घेतले आहे.
वेळ : आठ बावन्न.
लिंक दाबली. फोटो.
दांडेकर पुलाच्या अलीकडचा सिग्नल,
मडगार्डवरचा माझाच ओरखडा,
सीटवर पाठमोरी एक मुलगी, डोकं उघडं, वेणी उडतेय,
आणि उजवा इंडिकेटर मात्र इमानाने लावलेला.
चोराने चपला दाराबाहेर काढाव्यात तसा.

त्या चौकातून मी एकवीस वर्षं गेले.
डावीकडे वळायला तिथे कुणाची ना नसते,
दिवा लाल असो की हिरवा.
उजवीकडे जायचं तर आधी सरळ जा,
पुढच्या चौकातून वळसा घाला,
परत या, मग डावीकडे.
मी घातला. रोज.
हनुवटीखाली पट्टा आवळून,
बँकेत नऊ पाचला लाल शेरा पडायचा
तरीही.

मग चलानं येत राहिली.
जूनमध्ये उजवीकडे.
ऑगस्टमध्ये उजवीकडे, मागे एक माणूस,
बगलेत गुंडाळलेली चटई.
नंतर अकरा महिने काहीच नाही.
मी उगाच मेसेज उघडून बघायची.
पुन्हा आली तेव्हा मागची सीट रिकामी होती.
एकदा वेळ पडली नऊ चाळीस,
मी म्हटलं, अगं, आज काय झालं?
यंदा तिच्या कोपराखालून
एक पिवळी कानटोपी डोकावते.

नीलाक्षी म्हणते, वेडी आहेस,
उद्या तिनं कुणाला ठोकलं तर कोर्टात तू उभी.
खरंय. फॉर्म आणलेत, एकोणतीस आणि तीस.
फ्रिजवर आहेत, गॅसच्या पुस्तकाखाली.

मागच्या मंगळवारी रिक्षाने तिकडून गेले.
‘उजवीकडे घ्या,’ म्हटलं.
‘नाही घेता येत, आजी. तो बघा.’
खांबावर कॅमेरा, एका पायावरच्या बगळ्यासारखा,
सगळ्यांकडे सारखाच बघणारा.
उजवीकडे मान काढून पाहिलं :
एक बालवाडी, एक दवाखाना, चक्कीवर पिठाचा ढग.
यातलं तिचं कुठलं, कळलं नाही.
आम्ही सरळ गेलो.

काल पुन्हा आलं.
सरकारच्या वहीत ती नाहीच.
तिथे लिहिलंय, सहासष्ट वर्षांची शैलजा खांबेटे
उघड्या डोक्याने, पुढ्यात पोर घेऊन,
आठ बावन्नला
उजवीकडे वळली.

पैसे भरले मी.
त्या पोराला एक छोटं हेल्मेटही घ्यायचंय,
पण पत्ता
फोटोत दिसत नाही.