आगीचे रंग

वडिलांच्या ट्रंकेत एक कागद आहे, चार घड्यांचा.
त्यावर रंगाच्या नऊ पट्ट्या,
वाळल्या रक्तापासून ताकापर्यंत.
शेजारी आकडे, जर्मन हाताचे,
सातच्या कमरेला आडवी रेघ.
आकड्यांना लागून उभ्या ओळीत जपानी,
शाई जरा पसरलेली. शिरगावचा घाम असेल.

हेर क्लाइन्शमिट एसेनहून आलेला,
नागामिने यावाताहून.
एकाकडे भट्टी होती, दुसऱ्याकडे घाई.
दोघांच्या मध्ये कायतान आंद्राद, डिचोलीचा,
माती तपासणारा, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली.
आणि माझे वडील, बाबलो गांवस,
डोक्यावर नमुन्यांची पेटी घेऊन उभे.

गरीब माती, जर्मन म्हणायचा.
इंग्रजीतून गरीब, पोर्तुगीजमधून गरीब,
कोकणीत उतरेपर्यंत ती इतकी गरीब व्हायची
की वडिलांना वाटायचं, विषय आपलाच चाललाय.

कशी असते ती भट्टी?
क्लाइन्शमिटने फेणीची रिकामी बाटली आडवी केली,
आत चिमूटभर माती, चिमूटभर कोळसा,
आणि टेबलाला जरा उतार देऊन
सावकाश गडगडवली.
असं घोळवत राहायचं, तासन्‌तास,
पातळ होऊ द्यायचं नाही,
मग तोंडाशी लोखंडाचे मणी येतात.
नागामिने उतार मोजत होता. पट्टीने. तीनदा.
वडील म्हणाले, आमच्याकडे सुपात तांदूळ घोळतात तसं.
हे मात्र कायतानने पुढे सांगितलं नाही.

वैशाख शुद्ध पंचमी.
वडील त्या वर्षीही धोंड:
व्रताचं पोट, हातात बेत, गळ्यात मोगऱ्याच्या कळ्या.
कायतानने दोघांना जत्रेला आणलं होतं.
ही लईराई, म्हणाला,
म्हापशाच्या आमच्या मिलाग्र सायबिणीची बहीण.
एवढं वाक्य त्याने तिन्ही भाषांत नीट सांगितलं.

पहाटे होमकुंड पसरलं.
क्लाइन्शमिटने डोळे बारीक केले.
कडेला सातशे. मधे नऊशे.
वारा सुटला की हजाराच्या जवळ.
यंत्र बाजूला ठेव, तो म्हणाला, डोळा शिकव.
नागामिने गुडघ्यावर कागद घेऊन
पट्ट्या रंगवत होता, थुंकीने ब्रश ओला करत,
आणि त्याच्या नऊशेमधून
माझे वडील चालत गेले.

पलीकडे त्याने त्यांचे तळवे बघितले, वाकून.
किती गरम होतं?
प्रश्न कोकणीत पोचायला वेळ लागला.
मोजायला थांबलो नाय, वडील म्हणाले.
उत्तर उलट वाटेने निघालं,
आणि नागामिने हसला तेव्हा
वडील घरी पोचून पेज पीत होते.

मुरगावला आगबोटीवर चढताना
त्याने कागदाची ही दुसरी प्रत दिली.
पुढे एक पोस्टकार्ड: भट्टी फिरते आहे, उतार बरोबर.
मग काहीच नाही.
मणी कशाकशात ओतले गेले
ते कायतान वर्तमानपत्रात वाचायचा,
दोऱ्याचा चष्मा काढायचा
आणि घडी न घालता पेपर तसाच ठेवायचा.

पंधरा वर्षांनी मी खाणीवर हजेरी लिहू लागलो.
बार्जी मांडवीतून मुरगावला, तिथून परत जपानला.
मातीला आता कुणी गरीब म्हणत नव्हतं.

शेवटच्या आजारात मी वडिलांच्या पायांना तेल लावायचो.
अकरा वेळा निखाऱ्यांवरून गेलेले पाय,
तळव्यांवर काही नाही.
फक्त डाव्या अंगठ्याशी एक वाटोळा डाग, मण्याएवढा.
आंद्रादच्या खोलीत मूस कलंडली, म्हणाले,
त्या दोघांचं उतारावरून भांडण चाललेलं.

कुठला रंग होता? मी विचारलं.
त्यांनी कागद मागितला.
खूप वेळ धरून ठेवला, डोळ्यांपासून लांब,
आणि पाचव्या अन्‌ सहाव्या पट्टीच्या
मधल्या रेघेवर बोट ठेवलं.