व्व

सोहळ्याच्या आदल्या दुपारी
बटाट्याच्या पोत्यातून अकरा ट्रॉफ्या आल्या
कासार गल्लीत, माझ्या दुकानी.
पितळी बाई, हात वर केलेली,
ओतताना डोकं जरा लहान झालेलं.
सोबत नावांची यादी.
पाकिटं तिकडे लाखेनं बंद होती म्हणे.
पण नाव कोरणाऱ्याला सगळं आधी कळतं,
लग्नातल्या घागरींचं, मेलेल्यांच्या बाकड्यांचं,
निकालाचंही.

सातवी ओळ : उत्कृष्ट अभिनेत्री,
गंगव्वा तळवार, निपाणी.
माझा दर अक्षरावर.
‘व्व’ला वेळ लागतो,
एका पोटात दुसरं पोट बसवायचं असतं.

मी सिनेमा पाहिला होता.
विड्या वळणारी खरीच बाई,
कचेरीच्या पायरीवर बसून विचारते,
‘एन्री साहेब, अजून किती दिवस चालवालाय मला?’
वाक्य एका भाषेत उठतं,
दुसरीत जाऊन टेकतं.
आमच्या घरी सगळे असंच बोलतात,
म्हणून मला त्यात काही विशेष वाटलं नव्हतं.

रात्री नऊला परशराम मुतगेकर,
खजिनदार, स्कूटर चालूच ठेवून :
‘सातवं घास. नयना दिघे घाल.’
का म्हणून विचारलं.
परीक्षकांतले मराठी म्हणाले, हा कन्नड सिनेमा.
कन्नड म्हणाले, मराठी.
इथं दगडसुद्धा दोघं आपल्याकडं ओढतात,
पाटी ओढतात, शाळा ओढतात,
ही एक बाई तेवढी
दोघांनी एकमेकांकडं ढकलली.
नयना दिघेची गाडी पुण्याहून निघालीसुद्धा होती.

मी घासलं.
नाही म्हणालो नाही, उगाच कशाला खोटं सांगू.
जिभेवर नाणं ठेवल्यासारखी चव येते
पितळ उडताना.
चाळीस रुपये जादा घेतले.
घासल्या जागी खळगा पडतो,
नवं नाव त्यात उथळ बसलं.

दुसऱ्या दिवशी पास होता, शेवटची रांग, पंख्याखाली.
मंचावर पांढरं कापड, कोरं.
दोन बॅनर रंगवले होते,
कुठली ओळ वर यावरून दोन्ही पोलिसांनी नेले.
निवेदक ‘नमस्कार’ म्हणाला
आणि मागून कोणीतरी ओरडलं,
‘नमस्कारा’ म्हण!
एका कान्यावरून पहिली खुर्ची उडाली.

थोडं थंड झाल्यावर सातवा पुरस्कार.
‘उत्कृष्ट अभिनेत्री’ एवढंच झालं होतं,
नाव यायचं होतं अजून,
तिसऱ्या रांगेत हिरवं इरकल उभं राहिलं.
कोणीतरी आधीच सांगितलं असणार बिचारीला.
मग नाव आलं.
तिनं निऱ्या झटकल्या,
जणू त्याचसाठी उठली होती,
बसली,
आणि टाळ्या वाजवल्या, तंबाखूनं काळ्या पडलेल्या बोटांनी,
सगळ्यांच्या नंतरपर्यंत.

सकाळी एका पेपरात सतरा खुर्च्या मोडल्या,
दुसऱ्यात चाळीस.
दोन्हीकडं निषेध, दोन्हीकडं फोटो.
गंगव्वा कुठंच नाही.

पुण्यात कुठल्यातरी काचेच्या कपाटात
ती पितळी बाई अजून हात वर करून असेल.
दुपारचं ऊन तिरपं आलं तर
‘नयना’च्या खाली
ते दुसरं पोट दिसत असेल. मी खोल कोरतो.

परवा एक म्हातारी आली,
तांब्याची घागर पदरात धरून.
ओळखली मी. तिनं नाही.
कुणाचं नाव?
‘नातीचं. माझंच ठेवलंय.’
कुठल्या अक्षरात घालू, मराठी की कन्नड,
हे मी सवयीनं विचारतो.
‘तुला नीट येतंय त्यात घाल की.’
मग दर विचारला,
बोटांवर मोजायला लागली,
गं, ग, आणि थांबली.
माझ्याकडं बघून म्हणाली,
‘हे पुढचं एक धरणार, का दोन?’